लेबल वाचणाऱ्या मॅडम

आमच्या घरात ‘केमिकल’ हा शब्द शिवीसारखा वापरला जायचा. त्याला कारण होतं. बाबा डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत कामाला होते. कपड्यांना लागतो तो रंग, पावडरीचा. कंपनीत पिवळा माल चालू असला की आमच्या उशीचे अभ्रे पिवळे व्हायचे, आणि लाल चालू असला की बाबांच्या अंघोळीचं पाणी मोरीतून लाल जायचं. शेजारच्या बायका आईला म्हणायच्या, तुमच्याकडे बारा महिने रंगपंचमी. आई हसायची. मग बाबांना खोकला लागला, खोकल्यामागून धाप आली. डॉक्टरांनी दमा आहे म्हणून सांगितलं आणि कंपनीने त्यांना गेटच्या आत घेणं बंद केलं. कंत्राटी माणूस. त्याला काढायला कारण सांगावं लागत नाही.

कळव्यात डोंगराच्या अंगाला आमची खोली. बाबा दारात स्टूल टाकून बसायचे, कारण आत फोडणी पडली की त्यांना श्वास घेता यायचा नाही. घर आईवर आलं. ती बाळकुमच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये पोळीभाजीची कामं करायची. आमचं गाव महाडच्या बाजूला. तिकडून मामा दर उन्हाळ्यात कोकमं पाठवायचा आणि आई त्याचं सरबत करायची. विहारात कार्यक्रम असला की सरबत आईचंच. एका उन्हाळ्यात तिने बाळकुमच्या काकूंना, म्हणजे ज्यांच्याकडे ती सगळ्यात जास्त वर्षं काम करत होती त्या बाईंना, एक बाटली नेऊन दिली. काकूंनी ती शेजारणीला चाखवली, शेजारणीने वरच्या मजल्यावर. मग बाटल्यांची मागणीच सुरू झाली. पोळ्यांवर घर चालायचं आणि सरबतावर मी शिकायचे, असा हिशेब बसला.

आमच्या घरात, आईकडून म्हणा की बाबांकडून म्हणा, कॉलेजात पाऊल टाकणारी मी पहिली. हे मी मिरवते. का मिरवू नये?

त्या कॉलेजात मला मॅडम भेटल्या.

कल्याणचं कॉलेज, केमिस्ट्रीचा पहिला तास. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात काळ्या दोऱ्यात अडकवलेलं भिंग. शिडशिडीत बाई आत आल्या, हजेरी न घेता म्हणाल्या, “ज्यांना जेवणात केमिकल नको, त्यांनी हात वर करा.”

सगळ्यांनी केले. मीही केला.

“छान. मग पाणी पिऊ नका, मीठ खाऊ नका आणि जमलं तर श्वासही घेऊ नका.”

वर्ग हसला. मी नाही हसले. श्वास घेता न येणारा माणूस माझ्या घरी दारात बसलेला होता. तास संपल्यावर मी त्यांच्या टेबलाजवळ गेले आणि तोंडावर सांगितलं, “मॅडम, माझ्या बाबांची छाती केमिकलने गेलीय. यात गंमत काय आहे?”

दुसरं कोणी असतं तर सॉरी म्हणालं असतं, नाहीतर रागावलं असतं. मॅडमनी विचारलं, “कुठलं?”

“काय कुठलं?”

“केमिकल. कुठलं होतं? किती जायचं अंगात? मास्क होता का? त्यांना आधीपासून दम्याचा त्रास होता की नंतर झाला?”

मला त्या बाईचा भयंकर राग आला. घरी आल्यावर मी बाबांना विचारलं, तुम्ही काय भरत होता पिंपात? बाबा म्हणाले, “लाल, पिवळा, निळा. अजून काय? पिंपावरचे कागद आम्हाला द्यायच्या आधी फाडलेले असायचे.”

दुसऱ्या दिवशी हे मी मॅडमना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी भिंग हातात घेतलं, पदराने पुसलं, परत सोडलं. मग म्हणाल्या, “कागद फाडलेले. हे वाईट झालं. हे फार वाईट झालं.” आणि निघून गेल्या. त्या दिवसापासून त्या मला पुढच्या बाकावर बसवायला लागल्या.

कुठलं, किती, कोणाला. त्यांचं सगळं शिकवणं या तीन प्रश्नांत होतं. कोणी म्हटलं अमुक विषारी आहे, की हे तीन. कोणी म्हटलं तमुक एकदम सेफ आहे, तरी हेच तीन. मुलं पाठीमागे त्यांना बुरशीबाई म्हणायची, कारण स्टाफरूमच्या खिडकीत त्यांनी पाव-भाकरीचे तुकडे मांडलेले असायचे: एक बेकरीचा, एक पाकिटातला, एक घरून आणलेल्या भाकरीचा. रोज सकाळी येऊन त्या आधी त्यांची चौकशी करायच्या. बेकरीच्या पावावर हिरवी लव आली की खूश. “बघा, हा प्रामाणिक आहे. चार दिवसांत सांगतो, मला खाऊ नका. तो पाकिटातला अजून काही बोलत नाहीये, कारण त्याच्यात प्रोपिओनेट आहे. तोही वाईट नाही. त्याच्या पाकिटावर तसं लिहिलंय. मला एवढंच हवं असतं.”

पुढे मी डोंबिवलीला त्यांच्या घरी जायला लागले, तेव्हा त्यांच्याबरोबर वाणसामान आणायला जाणं ही एक शिक्षाच होती. त्या दुकानात उभं राहून मोठ्याने लेबलं वाचायच्या. सॉसची बाटली घेतली की भिंग लावून, “दोनशे अकरा. बरं. आंबट घरातच राहणारा आहे, चालेल.” जॅमची बाटली, “दोनशे दोन. हाही सभ्य आहे.” सुक्या जर्दाळूंचं पाकीट उचलून, “अगं, किती केशरी आहे बघ. दोनशे वीस असणार. होच. दम्याच्या माणसाने याच्यापासून लांब.” ते आकडे म्हणजे प्रिझर्व्हेटिव्हची सरकारी नावं. आपण गल्लीतल्या माणसांची खबर ठेवतो तशी त्या यांची ठेवायच्या. मागे रांग लागलेली. दुकानदार वैतागून म्हणायचा, “मॅडम, घ्यायचं असेल तर घ्या ना.”

“घेणारच आहे हो. आधी ओळख तर होऊ दे.”

त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणी ‘सावधान, या बिस्किटात मेण असतं’ असलं काही पाठवलं की त्या त्या माणसाला नावानिशी विचारायच्या, कुठल्या बिस्किटात, किती, कोणी तपासलं. सेक्रेटरी त्यांना ग्रुपमधून काढायचा. मग पाण्याची टाकी धुण्याचा निरोप त्यांना मिळायचा नाही, त्या जाऊन भांडायच्या आणि तो परत घ्यायचा. असं वर्षानुवर्षं चाललं होतं. उन्हाळ्यात मुलं बर्फाचा गोळा खायची तेव्हा आम्हाला वाटलं, या आता रंगावर भाषण देणार. त्या गोळेवाल्याला म्हणाल्या, “बर्फ कुठल्या पाण्याचा?” त्याने खांदे उडवले. “मग नको. रंग एक दिवस सहन होईल मला. पाणी नाही होणार.”

ताळतंत्र मात्र नव्हतं. कल्याणला एका विद्यार्थिनीच्या लग्नात त्यांनी भर पंगतीत केटररला विचारलं, श्रीखंड फ्रिजबाहेर कधी काढलं. केटरर भडकला, मुलीचे काका मध्ये पडले, आम्हाला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. मॅडमनी मात्र उत्तर मिळाल्यावर दोन वाट्या श्रीखंड खाल्लं. परत येताना मी म्हटलं, “मॅडम, लोकांना अपमान वाटतो.”

“का? मी खाल्लं की. विचारलं म्हणजे नाही म्हटलं असं थोडंच आहे?”

मी दुसऱ्या वर्षाला असताना बाळकुमच्या काकूंनी आईला सांगितलं, “ताई, सरबत मस्त असतं तुमचं, पण गोड फार होतं. आमच्याकडे सगळ्यांना शुगर. जरा साखर कमी करा ना.” आईने निम्म्याने कमी केली. गिऱ्हाइकाचं ऐकावं, एवढं तिला कळत होतं. काकूंनी बाटल्या स्वयंपाकघरातल्या शोकेसमध्ये मांडून ठेवल्या, फ्रिजमध्ये जागा नाही म्हणून. उन्हाळा नुकता लागला होता, तेव्हा एका दुपारी एका बाटलीचं झाकण उडालं. लाल सरबत छताला लागलं आणि तिथून त्यांच्या नव्या पांढऱ्या सोफ्यावर ठिबकलं. बाकीच्या बाटल्यांना दारूसारखा वास.

काकू वाईट बोलल्या नाहीत, पण स्पष्ट बोलल्या. “टिकेल असं द्या ताई, नाहीतर राहू दे. बिल्डिंगमध्ये मी तुमची गॅरंटी दिलेली.”

आई कळव्याच्या बाजारातल्या एका दुकानदाराकडे गेली. त्याने बिनलेबलाच्या प्लास्टिकच्या पुडीत पांढरी पावडर दिली. “सरबतवाले हीच नेतात. चिमूटभर टाकायची, वर्षभर हलत नाही.”

आता माझ्या आईची चिमूट म्हणजे काय, हे सांगायला हवं. विहारात शे-दीडशे माणसांचं जेवण असलं तरी मीठ ती चिमटीनेच टाकते, आणि आजवर कोणी वरून मीठ मागितलेलं नाही. आमच्याकडे त्या चिमटीवर शंका घेणं म्हणजे तिच्यावर शंका घेणं. तिने मोठ्या टोपातल्या सरबतात मीठ टाकतात तशी चिमटी चिमटीने ती पावडर कोरडीच टाकली. मोठा टोप, म्हणून चार चिमट्या जास्त. डावाने ढवळलं. खोलीत काडेपेटीच्या विझलेल्या काडीसारखा वास आला. आणि बघता बघता कोकमाचा लाल रंग उतरायला लागला. जेवणं होईपर्यंत टोपातलं सरबत शिळ्या चहासारखं दिसायला लागलं.

आई गोंधळली. चव तर बघू, म्हणून तिने नेहमीसारखा पहिला पेला बाबांना दिला. आमच्याकडे पहिली चव त्यांचीच.

बाबांनी अर्धा पेला प्यायला आणि तो खाली ठेवला. त्यांची छाती वाजायला लागली. आधी शिट्टीसारखी, मग तीही वाजेना. ओठ काळे पडले. शेजाऱ्यांनी खुर्चीवर बसवून त्यांना खाली नेलं आणि रिक्षात घातलं. हॉस्पिटलमध्ये वाफ दिली, इंजेक्शनं दिली, आणि संध्याकाळपर्यंत ते उठून बसले. म्हणाले, “कंपनीचा वास आला. डिट्टो तोच.”

आईने घरी येऊन टोप मोरीत पालथा केला. भरलेल्या बाटल्याही एकेक उघडून ओतल्या. रडली नाही. टोप घासून उलटा ठेवला आणि मला म्हणाली, “संपलं. केमिकलने एकदा घर खाल्लं, दुसऱ्यांदा मीच हाताने वाढलं. आता सरबत नाय. तुझ्या मैत्रिणीने मॉलमध्ये काउंटरला जागा सांगितलेली ना? विचार तिला. परीक्षा बाहेरून दे.”

बाहेरून परीक्षा म्हणजे काय, हे आमच्या चाळीत सगळ्यांना माहीत होतं. बाहेरून बसलेला एकही जण पास झालेला नव्हता. पण बाबांची ती अवस्था बघितल्यावर मी तरी काय बोलणार?

मी कॉलेजात जाऊन मॅडमना निरोप द्यावा तसं सगळं सांगितलं, आणि रिकामी पुडी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी पुडीजवळ हाताने वारा घेतला, वास ओळखला. “दोनशे चोवीस. सल्फाइट.” मग विचारलं, “वडील आता कसे आहेत?” हा प्रश्न त्यांनी नंतर विचारला, पण विचारला. “रविवारी घरी असतात ना सगळे?”

रविवारी त्या आल्या. आमच्या चढावर भल्याभल्यांना धाप लागते. त्या कॅनव्हासच्या बुटांत आल्या, मध्येच गटारावरची फरशी कशी बसवलीय ते बघत. दारात बाबा होते. त्यांच्या शेजारी पायरीवरच बसल्या आणि श्वास कधी अडतो, पंप कुठला, दिवसातून कितीदा, हे सगळं विचारून घेतलं. आई आतून बघत होती. पाण्याचा तांब्या पुढे करताना तिने मला डोळ्यांनीच विचारलं, ही बाई डॉक्टर आहे का?

मग मॅडम आत आल्या आणि पहिलंच वाक्य असं बोलल्या की मला वाटलं, झालं, आता आई यांना चढावरून खाली पाठवते.

“ताई, चूक तुमची आहे.”

आई म्हणाली, “माझीच आहे. मी कुठे नाय म्हणते. म्हणून तर बंद केलं.”

“बंद करणं ही दुसरी चूक. पहिली चूक साखर कमी केलीत ही. साखर काय नुसती गोडीला असते? सरबताची राखण ती करते. तुम्ही राखणदार काढून घेतला आणि दार उघडं ठेवलंत. मग आत कोण शिरणार? यीस्ट. त्याने फुगवलं, झाकण उडवलं.”

“लोकांना गोड नको, मॅडम. लोकांना औषध पण नको. आणि वर बाटली कपाटात टिकली पाहिजे.”

“तिन्ही मिळणार नाही. जगात कोणालाच मिळत नाही. दोन निवडा.”

आई पहिल्यांदा जराशी हसली. “हे माझ्या काकूंना सांगा.”

“सांगेन. दुसरं, तुम्ही टाकलंत ते सल्फाइट. रंगीत सरबतात ते घालायचं नसतं, रंग खातं. पाण्यात विरघळवून, वजन करून घालायचं असतं. तुम्ही कोरडं टाकलंत, तेही जास्त. आणि दम्याच्या माणसाला ते मोजून घातलेलंसुद्धा बाधू शकतं. ज्याने विकलं त्याने हे सांगायला हवं होतं. पुडीवर नाव नव्हतं म्हणून तुम्हाला कळलं नाही.”

“मग दुसरं कुठलं तरी आणलंत तुम्ही,” आई म्हणाली. तिने मॅडमच्या पर्सकडे बघितलं होतं.

मॅडमनी पर्समधून पंच्यात गुंडाळलेला छोटा वजनकाटा काढला, औषधाच्या दुकानात असावा तसा, आणि एक डबी. डबीवर मोठ्या अक्षरात नाव लिहिलेलं: सोडियम बेंझोएट. “आंबट पदार्थात हे चांगलं काम करतं. कोकम आंबट आहे. रंग उडत नाही. ठरलेल्या मर्यादेत राहिलं तर बहुतेकांना काही होत नाही, शरीर ते बाहेर टाकतं. थोड्या लोकांना हेही सोसत नाही. म्हणून बाटलीवर लिहायचं.”

आई उभी होती ती तशीच उभी राहिली. आणि मग ती जे बोलली ते मी विसरले नाही. “मॅडम, तुम्ही शिकलेल्या. पण यांच्या कंपनीत पण शिकलेलेच होते. साहेब रोज सांगायचे, काय होत नाय, सेफ आहे. मी कशाला विश्वास ठेवू?”

मला वाटलं, आता मॅडम कुठलं-किती-कोणाला सुरू करणार. त्या खाली चटईवर बसल्या.

“नका ठेवू,” त्या म्हणाल्या. “माझ्यावरही नका ठेवू. त्यांच्या कंपनीत पिंपावरचे कागद फाडत होते. ज्याला सेफ वाटतं तो कागद कशाला फाडेल? तिथे कोणी नाव सांगितलं नाही, कोणी मोजलं नाही. मी तुम्हाला नाव सांगतेय आणि काटा तुमच्या हातात देतेय. मोजा तुम्ही. लिहा तुम्ही. एवढाच फरक आहे, पण हा फरक मोठा आहे.”

दारातून बाबा म्हणाले, “बरोबर बोलतायत त्या.”

“तुम्ही गप बसा,” आई म्हणाली. पण तिने काटा उचलून बघितला होता.

त्या दिवशी काही ठरलं नाही. आईने मॅडमना जेवायला घातलं. सुकटीची चटणी आणि भाकरी. मॅडमनी विचारलं सुकट कधी भाजली, आणि उत्तर मिळाल्यावर तीन भाकऱ्या खाल्ल्या. आईला राग आला नाही. उलट नंतर म्हणाली, “विचारून खाते ती बाई. बरं आहे.”

आईने काय केलं, तर मामाकडून थोडी कोकमं परत मागवली. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे बाटल्या उकळत्या पाण्यातून काढल्या, सरबत गरम असताना भरलं, थोडी साखर वाढवली. काही बाटल्यांत काहीच घातलं नाही. काहींत बेंझोएट: काट्यावर मोजून, कोमट पाण्यात विरघळवून, मग ढवळून. कुठल्या कुठल्या, हे झाकणाला दोरा बांधून ठेवलं. सगळ्या फळीवर मांडल्या. रोज सकाळी ती बाटल्यांकडे बघायची तशी माझ्याकडे परीक्षेच्या दिवशीही बघत नसेल. उन्हं कडक व्हायला लागली तशा बिनदोऱ्याच्या बाटल्या गढूळ व्हायला लागल्या, एकेक करून. दोऱ्याच्या बाटल्या लालच राहिल्या. पण आईने आणखी एक गोष्ट केली, जी मॅडमनी सांगितली नव्हती. तिने मोजून घातलेल्यातही निम्मं आणि पाव असं करून बघितलं. साखर जरा वाढवलेली आणि बाटली उकळून घेतलेली असली तर मर्यादेच्या निम्म्याहून कमी बेंझोएटमध्ये काम होतं, हे तिने शोधून काढलं. मॅडमना दाखवलं. त्या बाटली उन्हात धरून भिंगातून बघत राहिल्या. “निम्म्यात होत असेल तर पूर्ण कशाला घालायचं? मी मर्यादा शिकवते, तुम्ही गरज बघितलीत.”

राहिली पहिली चव. बाबांची. आई ती कोणाला द्यायला तयार नव्हती. मॅडमनी बाबांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं, बाटलीवरचं नाव लिहून. डॉक्टर म्हणाले, सल्फाइट कायमचं बंद, हे थोडं घेऊन बघायला हरकत नाही, पंप जवळ ठेवा. बाबा स्टूलवर बसले, मांडीवर पंप. आईने पेल्यात तळाला दोन घोट ओतलं.

बाबा म्हणाले, “मी कंपनीत एवढं गिळलंय. हे काय घेऊन बसलात.”

“तेव्हा कोणी बघत बसलं नव्हतं,” मॅडम म्हणाल्या. “आज आम्ही बसलोय. प्या सावकाश.”

ते प्यायले. आई त्यांच्या छातीकडे बघत होती, तोंडाकडे नाही. मी कान लावून बसले. खालून भाजीवाला ओरडत गेला, नळाला पाणी आलं, बायका भांडायला लागल्या, आणि बाबांची छाती वाजली नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, “मीठ जरा कमी पडलंय.”

“कमी नाय पडलं,” आई म्हणाली. तेवढ्यावरून मला कळलं की सरबत पुन्हा सुरू झालं.

खरी परीक्षा बाळकुमला होती. त्या कॉम्प्लेक्समध्ये उन्हाळ्यात सोसायटीतर्फे स्टॉल लागायचे. काकूंनी आईसाठी एक टेबल मिळवलं होतं. चांगुलपणाच होता तो. शेजारच्या सगळ्या टेबलांवर एकच मजकूर: घरगुती, शुद्ध, केमिकल-फ्री. आमच्या बाटलीवर मी संगणकावर छापून चिकटवलेली चिठ्ठी: कोकम, साखर, मीठ, जिरं, पाणी. त्याखाली, प्रिझर्व्हेटिव्ह सोडियम बेंझोएट, २११. त्याखाली तारीख.

काकूंनी बाटली हातात घेतली आणि त्यांचा चेहरा पडला. “अहो ताई, हे काय. हे बघून कोणी हात लावणार नाही. स्टिकर काढा ना. नाहीतरी कोण वाचतं?”

“वाचत नसतील तर राहू दे की मग.”

“तसं नाही हो. आमच्या ग्रुपवर मी ‘नो प्रिझर्व्हेटिव्ह’ म्हणून टाकलंय.”

आईने माझ्याकडे बघितलं. हे तिचं टेबल होतं. एका उन्हाळ्याची सगळी कोकमं त्या बाटल्यांत होती. ती काकूंना म्हणाली, “तुम्ही माझं चांगलं बघता, मला कळतं. पण यांच्या कंपनीत कागद फाडायचे. मी नाय फाडणार.”

काकूंना ते कळलं की नाही, मला माहीत नाही. त्या बाजूला खुर्ची घेऊन तिथेच बसल्या, हे मी त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पहिला तास अक्षरशः कोणी थांबलं नाही. लोक बाटली उचलायचे, वाचायचे आणि ठेवायचे. आणि त्यात मॅडम आल्या. प्रत्येक टेबलापाशी उभ्या राहून भिंग लावून मोठ्याने वाचायला लागल्या. “केमिकल-फ्री. मीठ घातलंय ना लोणच्यात? मग कसं फ्री?” लोणचेवाल्या बाई लाल झाल्या. आई माझ्या कानात म्हणाली, “यांना जरा चहाला घेऊन जा. आहे ते पण गिऱ्हाईक पळेल.”

मी मॅडमना ओढत चहाला नेलं. म्हणून पुढचं मी पाहिलं नाही, आईनेच सांगितलं. एक तरुण बाई आपल्या सासऱ्यांना घेऊन आली. सासऱ्यांच्या खिशात बाबांसारखाच पंप. तिने सगळ्या टेबलांवर एकच प्रश्न विचारला, यात नक्की काय आहे, यांना सल्फाइट चालत नाही. सगळीकडे उत्तर, शुद्ध आहे हो, घरचं आहे. घरचं म्हणजे काय, हे कोणी सांगू शकलं नाही. आईने चिठ्ठीवर बोट ठेवलं.

“ते नाय यात. हे आहे, एवढं. काट्यावर मोजलेलं. माझ्या मालकांना दमा आहे, ते पितात. पण तुमचं तुम्ही डॉक्टरला विचारून घ्या. नाव लिहिलंय.”

त्या बाईने बाटलीचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवला, वाट बघितली आणि मग दोन बाटल्या घेतल्या. तिने ग्रुपवर काय लिहिलं ते काकूंनी आईला वाचून दाखवलं: ‘इथे एकच टेबल आहे जिथे विचारलं की उत्तर मिळतं.’ संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा निम्म्या बाटल्या गेल्या होत्या. सगळ्या नाही. निम्म्या. पण काकूंनी पुढच्या आठवड्याला आणखी सांगितल्या, स्टिकरसकट.

मॉलमधल्या काउंटरचा विषय आईने परत काढला नाही. मी कॉलेज आतूनच केलं.

मॅडम निवृत्त झाल्या, पुढे भाचीकडे नाशिकला गेल्या. फोन करतात. हल्ली डोळ्यांना कमी दिसतं, तर भाचीला दुकानात उभं करून मोठ्याने वाचायला लावतात. भाची मला फोनवर म्हणते, “तुमच्या मॅडममुळे मला इथले सगळे दुकानदार ओळखायला लागलेत.” मागून मॅडमचा आवाज येतो, “ओळखू देत. मीही त्यांना ओळखते.”

मी बीएस्सी झाले, मग एमएस्सी. ठाण्यातल्या एका लॅबमध्ये मी खाण्याच्या पदार्थांचे नमुने तपासते. प्रिझर्व्हेटिव्ह कुठलं आणि किती, हेच माझं काम. आईच्या नावावर अन्न परवाना आहे, कळव्यात भाड्याचा गाळा आहे आणि हाताखाली दोन बायका आहेत. तिचा नमुना नियमाप्रमाणे माझ्याकडे येऊ शकत नाही, दुसऱ्या लॅबमध्ये जातो. आजवर प्रत्येक वेळी तो पास झालाय.